दोन टक्के झोप

आमच्या शेजारच्या खोब्रागड्यांना अंतर किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. ते टक्क्यांत सांगतात. नागपुरात आमच्या हुडकेश्वरहून बर्डी किती लांब, असं कुणी विचारलं की ते क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "सात टक्के. सिग्नल लागले तं आठ." कामठी सतरा टक्के. कोपऱ्यावरचं किराणा दुकान? "तेवढ्याले टक्का नाही लागत, पायी जा." माझ्या साडूंनी एकदा हौसेनं विचारलं, की तुमच्या या बॅटरीच्या गाडीनं वर्ध्याला जाता येईल का? खोब्रागडे म्हणाले, "जाता तं येते. वापस यायचं असंन तं तठी कोणी प्लगवाला सोयरा आहे का पाहा."

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. 'टक्का कशाचा?' हे न विचारता शेकडेवारीची उदाहरणं सोडवणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे. त्यामुळे शेजारी राहून हा माणूस दिवसभर टक्के उधळतो, हे मला सहन होत नाही. सुरुवातीला एकदा मी त्यांना समजावायला गेलो. "अहो खोब्रागडे, टक्का म्हणजे शंभरातला भाग. कशाच्या शंभरातला?"

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "बॅटरीच्या, सर. दुसरं कायचं असते शंभर?"

मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, हा माणूस हाताबाहेर गेलेला आहे.

गाडी आली दोन वर्षांपूर्वी. त्याआधी तीस वर्षं त्यांची डिझेलची मेटॅडोर होती. कामठीच्या मागांवरचं कापड ते इतवारीतल्या दुकानांत पोचवायचे. सकाळी सहाला ती मेटॅडोर सुरू झाली की आमच्या कपाटातल्या बशा वाजायच्या आणि मग बायको चहा ठेवायची. गजराचं घड्याळ आम्ही कधी घेतलंच नाही. मग त्यांच्या पत्नी, विमलवहिनी, गेल्या. त्यानंतर दोन महिन्यांत खोब्रागड्यांनी मेटॅडोर विकली आणि ही पांढरी, मुकी व्हॅन आणली. तेव्हापासून आमच्या घरी चहाला रोज उशीर होतो.

साठी उलटल्यावर माणूस अशी गाडी कशाला घेतो? मी विचारलं तर म्हणाले, "माल पोचवायले." माझ्या बायकोला म्हणाले, "सवारी मारायले, वहिनी." पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, सांगितलं, "फिरायले. ते काय म्हणते, कॅम्पिंग." एका गाडीची तीन कारणं देणाऱ्या माणसाजवळ चौथं कारण असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी चिडलेला होतो, आणि चिडलेल्या माणसाला हिशोब जमत नाही.

आता मालाचं ऐका. या गाडीला आवाज नाही, आणि खोब्रागडे हॉर्न वाजवत नाहीत. इतवारीच्या गल्लीत हे दोन्ही नसणं म्हणजे गाडी नसण्यासारखंच. माणसं समोरून हलत नाहीत. मी एकदा सोबत होतो, तर एक गाय रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसली होती. खोब्रागडे खाली उतरले, तिच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "सरक वं माय, मले उशीर होऊन राहिला." गाय काही सरकली नाही. आम्ही तिचं होईपर्यंत थांबलो. दुकानासमोर पोचल्यावर शेठजींना पत्ता नाही. मग यांनी दुकानाबाहेर उभं राहून आत फोन लावला, "मी येऊन राहिलो, नाही, आलोच आहो."

सवारीचं तर विचारूच नका. आमच्या लेआउटमधल्या चार बायका बर्डीच्या कचेऱ्यांत नोकरी करतात. त्यांनी मोठ्या उत्साहानं यांची गाडी लावली. एप्रिल महिना, गाडीत छान एसी, आणि हा गृहस्थ एसीच्या बटणाला हात लावू देत नाही! "वारा खा नं, ताई. खिडकी कायले देल्ली?" वाटेत उड्डाणपूल आला की गाडी बाजूला घ्यायचे आणि अदबीनं म्हणायचे, "तुमी खालून चालत या, मी वरून येतो. पलीकडे भेटू. चढावर टक्का लय खाते." बाराव्या दिवशी त्या बायकांनी रिक्षा लावली. मला एका दगडानं दोन पक्षी मारणारे लोक माहीत आहेत. हे एका गाडीत तीन धंदे मारत होते.

एवढं सगळं करून प्रत्येक सवारीला एक प्रश्न ठरलेला. गाडी सुरू केली की मान तिरकी करायची, श्वास धरायचा आणि विचारायचं, "काही ऐकू येऊन राहिलं का?" तुम्ही म्हणायचं, नाही बुवा. की त्यांचा चेहरा खुलायचा. तुम्ही कितव्यांदा बसताय याचा काही संबंध नाही.

आणि बसणं! खोब्रागड्यांना मी दोन वर्षांत बसलेलं फक्त स्टिअरिंगमागे पाहिलंय. आमच्याकडे चहाला आले तर उंबरठ्यावर उभे. अर्धा कप झाला की, "कोणी बोलावलं का मले?" कुणी बोलावलेलं नसतं. तरी कप ठेवून बाहेर जाऊन पाहून येणार. माझी बायको म्हणते यांच्या पायाला भिंगरी आहे. दुपारची झोप हा माझा एकमेव छंद, तो मी नेमानं जोपासतो. एक ते तीन मला ब्रह्मदेव आला तरी भेटत नाही. हा माणूस मात्र दुपारी पाठ टेकत नाही म्हणजे नाही. रोज माल टाकून झाला की थेट संध्याकाळीच परत. दुपारभर कुठे असतात, विचारलं की "बाहेर."

रविवारी तर सकाळी दहालाच कॅम्पिंग. प्रज्ञानं पुण्याहून गादी पाठवली होती, घडीची खुर्ची, पाण्याचा मोठा थर्मास. बापाला उतारवयात निसर्गाची ओढ लागली म्हणून पोरगी खूश होती. हे तिला फोटो पाठवायचे. कडुनिंबाचं खोड. कडुनिंबाच्या फांद्या. गादी आणि त्यावर कडुनिंबाची सावली. ती मला म्हणाली होती, "काका, नागपूरजवळ इतकं सुंदर जंगल आहे?" मी म्हटलं, असेल बुवा.

या मे महिन्यात तिचा फोन आला, तो वेगळ्या सुरात. "काका, बाबा फोनवर दोन मिनिटं बोलत नाहीत. मध्येच म्हणतात, थांब, कोणी बोलावून राहिलं. या उन्हात एकटे रानात जाऊन बसतात, काही झालं तर? गाडीला गिऱ्हाईक आलंय. मी त्यांना इकडेच आणायचं म्हणतेय. तुम्ही एक रविवार त्यांच्यासोबत जा. त्यांना झेपत असेल तर राहू दे. नसेल तर याच महिन्यात गाडी विकू. तुम्ही गणिताचे सर, तुम्ही सांगाल ते बरोबर असेल."

माझं उत्तर फोन ठेवण्याआधीच तयार होतं. पंचेचाळीस डिग्रीत कॅम्पिंग करणाऱ्या माणसाला पुण्याला पाठवलेलंच बरं. तरी रीत म्हणून मी कुंपणावरून हाक मारली, येत्या रविवारी मीही येतो म्हणून.

खोब्रागडे गाडी पुसत होते. पुसतच म्हणाले, "प्रज्ञानं पाठवलं नं तुमाले?"

मी कुंपणावरची वेल नीट करायला लागलो.

"मंग या. पण पाहून सांगा, सर. न पाहता नोका सांगू. गाडी गेली नं, तं माझं काही उरत नाही."

एवढं सरळ ते कधी बोलले नव्हते. मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण माझा निर्णय पक्का होता.

रविवारी मी टोपी, दुर्बीण, डासांचं मलम आणि माझी उशी घेऊन निघालो. रात्री लाइट गेल्यामुळे गाडीत बेचाळीसच टक्के. मान तिरकी करून विचारून झालं, "काही ऐकू येऊन राहिलं का?" मी म्हटलं, माझ्या पोटातली कावकाव येतेय, चला. गाडी निघाली ती शहराबाहेर जायच्या ऐवजी शहरात. मी म्हटलं, "अहो, जंगल मागे राहिलं." म्हणाले, "हाव." अजनी गेली. घामानं माझी टोपी ओली झाली, एसी बंदच. आकडा पस्तीसवर आला तेव्हा आम्ही धंतोलीत एका मोठ्या खाजगी दवाखान्याच्या फाटकासमोर, एका कडुनिंबाखाली उभे होतो.

मी वर पाहिलं. त्या फांद्या माझ्या चांगल्या ओळखीच्या होत्या. फोटोत पाहिलेल्या.

झाडाखाली पंधरा-वीस माणसं होती. फुटपाथवर पोती अंथरून, थैल्यांना टेकून, भिंतीच्या हातभर सावलीत. आपल्या विदर्भात पेशंट एक असतो आणि सोबत अर्धं गाव येतं. आत पास एकालाच. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि दूर जायचं नाही, कारण औषध आणायला, सही करायला, रक्ताला, कशालाही फाटकाशी येऊन नाव पुकारतात. गाडी पाहून ती माणसं उठून बसली. कुणी हसलं. वॉचमननं खोब्रागड्यांना हात केला.

खोब्रागड्यांनी मागचं दार उघडलं, पुण्याची गादी पसरली आणि माझ्या डोळ्यांदेखत एसी लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तो थंड वारा पाहिला, म्हणजे अंगावर घेतला. एका वेळी तिघं. आधी बायका, मग पुरुष. "दोन-दोन टक्के झोपाचं, मंग दुसऱ्याचा नंबर," असं ते सगळ्यांना सांगत होते आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांना ते कळत होतं. दोन टक्के म्हणजे साधारण अर्धा तास. टक्का कशाचा, असं कुणी विचारलं नाही.

आत चढणाऱ्यानं चपला गाडीपाशी काढायच्या. खोब्रागडे खिशातून खडू काढायचे आणि प्रत्येक जोडीसमोर डांबरावर आतल्या पेशंटचं नाव लिहायचे. ज्या क्रमानं चपला, त्याच क्रमानं आत डोकी. मग फाटक आणि चपला यांच्या मध्ये उभे राहायचे.

मी पुण्याच्या घडीच्या खुर्चीत फुगून बसलो. साडेबारा वाजले होते, माझी वेळ होत आली होती आणि माझी उशी एका ब्रह्मपुरीकडच्या म्हातारीच्या डोक्याखाली गेली होती. तिचा मुलगा आत होता. तीन दिवस तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. आत चढताना ती अडखळली. "भाऊ, मले बोलावलं तं?"

"मी आहो नं, माय. उभाच आहो."

"झोप लागली तं मले ऐकू नाही येत."

"मले येते. गाडीले आवाज नाही."

ती आडवी झाली आणि त्याच क्षणी झोपली. मी इतक्या झटपट झोपणारं माणूस पाहिलेलं नाही, आणि या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे.

थोड्या वेळानं वॉचमन फाटकाशी आला. तिथे ओरडायची मनाई, त्यामुळे तो बेतानंच म्हणाला, "कमल ठाकरेचे कोण?" मला खुर्चीत ते नीट ऐकूही आलं नाही. खोब्रागडे वळले, खडूची नावं वाचली, दारातून हात घालून मधल्या माणसाच्या पायाचा अंगठा हलवला. आवाज न करता. तो माणूस एका पायात चप्पल घालून फाटकातून आत पळाला तेव्हा म्हातारीची कूसही बदलली नव्हती. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. त्याची दुसरी चप्पल खोब्रागड्यांनी उचलून फाटकाशी नेऊन ठेवली.

मी उठलो आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. "खोब्रागडे, हे काय आहे?"

"कॅम्पिंग," ते म्हणाले. मग फाटकावरची नजर न काढता बोलायला लागले.

"विमल इथंच होती, सर. अकरा दिवस. तवा मेटॅडोर होती न. वॉचमन गेटवर लावू देये नाही, धूर होते, आवाज होते म्हणे. बरोबर होतं त्याचं. मंग मी मागच्या गल्लीत लावली. दिवसा ऊन असं होतं, का इंजिन चालू ठेवल्याशिवाय पंखा नाही. म्हटलं दहा मिनिटं पाठ टेकतो. दहा दिवसाचा जागा होतो मी." त्यांनी हातातला खडू खिशात ठेवला. "तिनं मले बोलावलं. नर्स चारदा गेटवर आली म्हणे. लोकं धुंडून राहिले. त्या इंजिनच्या घरघरीत मले काही ऐकू नाही आलं. उठून आलो तवा झालं होतं सारं."

मीही फाटकाकडे पाहू लागलो.

"काही सांगाचं होतं तिले. काय होतं कोण जाणे. प्रज्ञाले वाटते, मी जवळच होतो. मी तसंच सांगितलं तिले." त्यांनी मान तिरकी केली. "काही ऐकू येऊन राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी मात्र उत्तर देण्याआधी मीही कान देऊन ऐकलं होतं.

मग माझ्या डोक्यात नको तेव्हा हिशोब सुरू झाला. हुडकेश्वर ते बर्डी एसी लावला असता तर दीड-दोन टक्के. म्हणजे तिघांची झोप. उड्डाणपुलाखालून चालणाऱ्या त्या चार बायकांनी, शिव्या देत देत का होईना, रोज दुपारी धंतोलीत कुणाला तरी निजवलं होतं. आणि मी या माणसाला बाकावर उभं करायला निघालो होतो! मला माझीच लाज वाटली.

म्हातारीचे दोन टक्के संपले. चार झाले. मी सवयीनं म्हणालो, "खोब्रागडे, चार झाले."

"झोपू द्या. तिचे मागचे तीन दिवस जमा आहेत."

चार वाजता गाडीत तेरा टक्के उरले. म्हातारीला सून बोलवायला आली, मुलानं डोळे उघडले होते. ती उतरली, माझी उशी झटकून मला दिली आणि माझ्याही डोक्यावरून हात फिरवून गेली. सावली वाढली होती, बाकीचे चहाला पांगले, गादी रिकामी झाली. खोब्रागडे दाराला धरून उभे होते. सकाळपासून उभे. त्यांचे घोटे सुजलेले मला आता दिसले.

मी म्हणालो, "आडवे व्हा."

"मी नाही झोपत, सर."

"मी ऐकतो. तीस वर्षं हजेरी घेतली आहे मी, नावं माझ्या कानातून निसटत नाहीत. तेरा आहेत. घरी जायला सात. सहा उरतात, त्यातले दोन तुमचे."

"तुमची दुपारची झोप?"

"गेली ती. व्हा आडवे."

त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या आणि गादीवर चढले. भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या खिशातला खडू मागून घेतला आणि चपलांसमोर वाकलो. तिथे मात्र माझा हात थांबला. यांचं आत कुणीच नव्हतं.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

मला वाटलं झोपले.

"विमल लिहा," ते म्हणाले. "असू द्या."

मी फळ्यावर लिहायचो तसं सावकाश, वळणदार अक्षरात विमल लिहिलं. सरळ झालो तोवर ते घोरत होते. त्या मुक्या गाडीतून पहिल्यांदाच आवाज येत होता.

नेमका माझा फोन वाजला. मी धावत दूर जाऊन घेतला, नजर फाटकावरच. प्रज्ञा होती. "काका, कसं झालं? बाबांना द्या ना."

"झोपलेत."

"बाबा? दुपारी?"

"हो."

"आई गेल्यापासून ते दुपारी झोपले नाहीत, काका." मग म्हणाली, "गाडीचं काय करायचं? गिऱ्हाईक थांबलंय."

"गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. गाडी ठेवायची. आणि तू एका रविवारी ये, त्यांच्यासोबत कॅम्पिंगला जा. बाकीचं ते सांगतील, त्यांना वाटेल तेव्हा."

"तुम्ही नीट पाहिलंत ना?"

"नीट पाहिलं. आता ठेवतो, वॉचमन आलाय."

वॉचमन पाणी प्यायला आला होता. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. मी परत येऊन चपला आणि फाटक यांच्या मध्ये उभा राहिलो. आकडा अकरावर आला, म्हणजे त्यांचे दोन टक्के संपले. मग दहा. मग आठ. घरी जायला सात लागतात, हे मला तोंडपाठ आहे. घडीची खुर्ची शेजारीच होती, पण मला बसवेना.

आकडा सहावर आला. मी त्यांना उठवलं नाही.